शेवट आधी सांगणारे मामंजी

जुन्या युद्धपटांवर माझ्याशी वाद घालायचा असेल तर माणसाने जेवून यावं, कारण मी लवकर सोडत नाही. माझं मत साधं आहे. चांगल्या युद्धपटात लढाई थोडी असते आणि वाट पाहणं फार. माणसं दाढी करतात, मोजे शिवतात, चहात साखर कमी पडली म्हणून एकमेकांवर खेकसतात आणि मग केव्हातरी गोळीबार होतो. हल्लीच्या युद्धपटांत पहिल्या मिनिटापासून ढोल बडवतात आणि जो तो जवान भाषण ठोकतो. अहो, खंदकात बसलेला माणूस भाषण कशाला करेल? त्याला तहान लागलेली असते, पायात चिखल गेलेला असतो. जुन्या लोकांना हे कळत होतं.

दुसरे ते अंधारे थ्रिलर. आमच्या सोसायटीतली पोरं त्यांना निओ-नॉयर म्हणतात. मलाही ते आवडतात, पण त्यांची मस्करी केल्याशिवाय मला बघवत नाहीत. एवढं मोठं शहर आणि एकाही घरात ट्यूब लावायला माणूस नाही. सगळे पिवळ्या दिव्याखाली बसून कुजबुजतात. रस्ते कायम ओले. आणि ते गाड्यांचे पाठलाग! त्या हिरोला म्हणावं, संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आमच्या चाकणच्या चौकात ये आणि कोणाचा पाठलाग करून दाखव. गुन्हेगार आणि पोलीस दोघंही एकाच कंटेनरच्या मागे तासभर बसतील आणि शेवटी एकमेकांना तंबाखू देतील. पण त्या सिनेमांत एक गोष्ट लाखाची असते. समोरची व्यक्ती खोटं बोलतेय हे हिरोला कळलेलं असतं आणि तरी तो तिच्या मागे जातो. असं कळूनसवरून खड्ड्यात पडणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, त्यामुळे मला ते खरं वाटतं.

मी मूळची लातूरकडची. लग्न होऊन पुनावळ्यात आले तेव्हा दारात ऊस होता. आता त्या उसाच्या जागी टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर आम्ही राहतो. मी चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या ह्यांना सिनेमाचं वावडं, पडद्यावर नावं येईपर्यंत घोरायला लागतात. त्यामुळे घरात माझे सिनेमाचे जोडीदार एकच, माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणते, सोसायटीतले सगळे आबा म्हणतात.

मामंजींना परभाषेतला सिनेमासुद्धा चालतो. मी शेजारी बसून खालच्या ओळी मराठीत सांगत जाते. कधी कधी मी सांगायच्या आधीच ते म्हणतात, "कळलं, कळलं, त्याच्या डोळ्यातच दिसतंय." तरुणपणी त्यांनी एक उद्योग केला होता. सुगी संपली, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की सिनेमाचा तंबू यायचा. त्या तंबूवाल्याच्या बैलगाडीत बसून, हातात पत्र्याचा भोंगा धरून मामंजी आसपासच्या गावांतून हाळी देत फिरायचे. आणि हाळीत काय सांगायचे? अख्खी गोष्ट. शेवटासकट.

मी एकदा विचारलं, "मामंजी, शेवट सांगून टाकला तर लोक येतील कशाला?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "आगं, शेवट ठावं आसल्याबगर बाईमानूस लेकरं घिऊन कसं यील? हिरो जगतोय का मरतोय त्ये आदी कळाया नको व्हय? मरत आसंल तर पदर सावरून बसायचं. जगत आसंल तर वट्यात शेंगा घिऊन यायचं."

सासूबाई गेल्या, म्हशी गेल्या, गावचा पार रस्तारुंदीत गेला. नवव्या मजल्यावर मामंजींना बोलायला उरलं कोण? मी कंपनीत, हे कंपनीत. म्हणून आमच्या क्लबहाउसमध्ये रविवारी दुपारी मोठ्या पडद्यावर सिनेमा दाखवायला सुरुवात झाली तेव्हा मला कोण आनंद झाला. मामंजी धुतलेली टोपी घालून सगळ्यांच्या आधी खाली जाऊन बसायचे. मध्यंतरात चहा, वडापाव आणि गप्पा. आठवडाभर मुका असलेला माणूस त्या दुपारी बोलायचा. मला सिनेमापेक्षा त्याचं जास्त अप्रूप होतं.

हा सगळा कारभार तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणारा एक तरुण बघायचा. आम्ही त्याला कारभारीच म्हणायचो. मनाने चांगला, पण सिनेमाच्या बाबतीत अति सोवळा. पडदा लागला की मोबाइल बंद, कुजबुज बंद, कुरकुरीत खाणं बंद. थ्रिलरचं त्याला वेड होतं. त्या रविवारी त्याने आणलेला थ्रिलर नेमका मी आणि मामंजींनी घरी पाहिलेला होता. एक म्हातारा गुप्तहेर असतो. एक माणूस त्याला बंदरातला हरवलेला कप्तान शोधायला सांगतो आणि तो बिचारा सिनेमाभर शोधत हिंडतो.

मध्यंतर झालं. कारभारी माइक घेऊन पुढे आला आणि हसत म्हणाला, "काय मंडळी, कुठे असेल तो कप्तान? कोणाला काही अंदाज?"

आता हे असं सहज विचारायचं असतं, त्याचं उत्तर द्यायचं नसतं. पण मामंजींना वाटलं, हा माणूस तंबूसमोर उभा राहून गोष्ट विचारतोय. ते उठले. भोंग्याचा सराव असलेल्या गळ्याला माइक लागतो कशाला? "ज्यो शोधाया सांगतोय, त्योच कप्तान हाय! सोतावरच पाळत ठिवलीय त्येनं, कुनाला माग लागतोय का बगाया. शेवटाला बोटीवर घावतो. बसा निवांत, कुनी मरत न्हाई."

मग मागून कोणीतरी "अरे यार" म्हणालं आणि मग सगळेच बोलायला लागले. कोणी डोक्यावर हात मारला, कोणी वडापाव घेऊन घरचा रस्ता धरला. कारभाऱ्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण थ्रिलर असेल तेव्हा आबांना नका आणत जाऊ. सगळ्यांचा विचका होतो." तो हळू बोलला होता, पण मामंजी माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. टोपी नीट केली आणि लिफ्टकडे निघाले.

पुढच्या रविवारी मी हाक मारली तर म्हणाले, "तू जा. माजं डोळं दुकत्यात." त्याच्या पुढच्या रविवारीही डोळेच दुखत होते. गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते खालच्या पार्किंगकडे बघत राहायचे आणि डोळे अगदी ठणठणीत असल्याने कोणती गाडी कोणाची ते मला सांगायचे. मी घरी एखादा युद्धपट लावला तरी उठून जायचे. माझा जीव तुटत होता आणि डोकंही फिरत होतं. ज्या मातीवर यांचे टॉवर उभे आहेत ती माती या माणसाने नांगरलेली, आणि त्यालाच त्या मातीवर बसून सिनेमा बघायला चोरी? मी सोसायटीच्या ग्रुपवर चांगलं लांबलचक लिहिलं. उत्तरादाखल कोणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय पाण्याच्या टँकरकडे वळला.

अक्कल आली ती कंपनीत. आमच्याकडे एखादा पार्ट खराब निघाला की तो टेबलावर ठेवतात आणि आम्ही भोवती बसतो. का तुटला? चीर होती म्हणून. चीर का पडली? असं का, का, का करत मागे मागे जायचं. म्हणजे आमच्या कामात शेवट सगळ्यांत आधी हातात येतो. तुटलेला तुकडा समोर असतो, तरीही कोणी जागचं उठत नाही. उलट जितकं मागे जावं तितका जीव गुंतत जातो, जेवायची सुट्टीसुद्धा विसरते. त्या दिवशी तो तुकडा हातात धरून मी मनात म्हटलं, अगं बाई, मामंजी बरोबर आहेत की. शेवट कळल्यावर जो सिनेमा मरतो, तो आधीपासूनच आजारी असतो.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले ती थेट पार्किंगमध्ये कारभाऱ्याला गाठलं. म्हटलं, "भाऊ, एक रविवार मला द्या. मी जुना युद्धपट लावणार. आणि सुरुवातीलाच माइकवरून त्याचा शेवट सांगणार."

"काकू, मग बसेल कोण?"

"शेवट होईपर्यंत एक जरी माणूस कंटाळून उठला, तर मी आणि आबा तुमच्या हॉलची पायरी पुन्हा चढणार नाही. आणि नाही उठला, तर आबांना तुम्ही स्वतः वर येऊन बोलवायचं."

तो हसला. त्याला वाटलं असणार, बरं झालं, काकू आपणहून जाळ्यात आल्या. "डन," म्हणाला.

पैज तर लावली, पण हाळी तुम्हीच द्या म्हटलं तर मामंजी हलायला तयार नाहीत. "एकदा हसं झालं तेवढं पुरं. पुन्यांदा न्हाई," म्हणाले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. मी म्हटलं, ठीक आहे, हाळी मीच देते. आणि स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मुद्दाम मोठ्याने सराव सुरू केला. "नमस्कार. आजच्या चित्रपटात काही सैनिक आहेत. ते एका विहिरीचे रक्षण करतात. शेवटी त्यांना समजते की युद्ध आधीच संपलेले आहे. धन्यवाद."

गॅलरीचं दार किलकिलं झालं.

मी पुन्हा म्हटलं. आणखी सपाट आवाजात म्हटलं. तिसऱ्या खेपेला "धन्यवाद" म्हणायच्या आत मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे. "आगं, ह्ये काय हाय? तलाठी दवंडी देतोय का काय? आसं सांगितलं तर कुत्रं बी तंबूत शिरायचं न्हाई."

"मग मला नाही येत तसं, मामंजी. मी काय करू?"

"आदी विहीर सांग. विहिरीत पानी किती त्ये सांग. मग तहान सांग. मानसं मागनं यू देत." बोलता बोलता त्यांचा हात तोंडाशी गेला, भोंगा धरल्यासारखा. माझा तवा जळत होता, पण मी गॅस बंद करायलासुद्धा हलले नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. शेवट सांगून सिनेमा दाखवणार हे कळल्यावर अर्धे लोक मजा बघायला आले होते. मामंजी पुढे गेले. कारभाऱ्याने माइक पुढे केला, तो त्यांनी खाली ठेवला.

"ऐका हो ऐका," ते म्हणाले आणि शेवटच्या रांगेतली माणसंही सावरून बसली. "एक विहीर हाय. आडरानात. तळाला घागरभर पानी. त्या पान्यावर नऊ जनं राखन बसल्यात. त्यातलं चार ऱ्हानार, पाच जानार. धाकटा जो हाय, गानं म्हननारा, त्यो सगळ्यात मागनं जानार. आन् त्यो गेल्यावर सांगावा यील का लढाई कवाच थांबलीया. ज्याच्यासाठी मेलं, त्ये आदीच मिटलं व्हतं. आता बगा. पदर, रुमाल जवळ ठिवा."

सिनेमा सुरू झाला. काळापांढरा, संथ. पहिली काही मिनिटं मी पडद्याकडे कमी आणि दाराकडे जास्त बघत होते. कोणी उठतंय का? पैज माझ्या जिवावर आली होती. मी ही पैज हरले असते तर मामंजी पुन्हा कधी त्या लिफ्टमधून खाली आले नसते, हे मला चांगलं माहीत होतं.

मग तो धाकटा पहिल्यांदा पडद्यावर आला. दाढी न फुटलेलं पोरगं, गाणं गुणगुणत बादली घासत होतं. आणि हॉलमधून हळूच "च्च" असा आवाज आला. सगळ्यांना माहीत होतं ना! तो हसला की लोक कळवळायचे. सुटी झाल्यावर घरी काय काय खाणार हे तो मित्राला सांगत होता, तेव्हा माझ्या पुढच्या बाईने आधीच डोळे पुसायला घेतले होते. शेवट माहीत नसता तर त्या जागी आम्ही शेंगा सोलत बसलो असतो. मोजे वाळत घालायच्या प्रसंगाला तर असं झालं की विचारू नका. पाच जणांचे मोजे कोणते, ते लोक एकमेकांना विचारत होते.

कोणी उठलं नाही. एक जण मध्येच उठला तेव्हा मी त्याचा सदरा धरायच्या बेतात होते, पण तो पंखा बंद करायला उठला होता, आवाज येत होता म्हणून.

शेवटी सांगावा घेऊन स्वार आला. तो अजून टेकडीवर ठिपक्याएवढा होता आणि इकडे धाकट्याचा श्वास चालू होता, तेव्हाच हॉलमधून एक आवाज आला, "अरे, लवकर ये ना." तो कारभारी होता. शेवट ऐकून बसलेला माणूस त्या स्वाराला घाई करत होता. दिवे लागले तेव्हा त्याने चष्मा काढलेला होता आणि तो काही केल्या माझ्याकडे बघत नव्हता. मी मात्र त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं. जिंकल्यावर मी नम्र वगैरे होत नाही, तो माझा स्वभावच नाही.

दिलेल्या शब्दाला तो जागला. शनिवारी सकाळी नवव्या मजल्यावर आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, उद्या थ्रिलर आहे. हाळी तुम्हीच द्यायची. शेवटासकट."

मामंजींनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "थ्रिलरचा बी सांगू?"

"सांगा आबा. होऊन जाऊ दे."

तो गेल्यावर मामंजींनी मला तो थ्रिलर घरी लावायला सांगितला. आम्ही तो सकाळीच अख्खा पाहिला. एका हॉटेलातला पाहुणा नाहीसा होतो. सगळ्यांचा संशय वॉचमनवर आणि शेवटी कळतं की पाहुणा मुळात आलेलाच नव्हता, काउंटरवरच्या बाईने तो मनानेच रचला होता. मामंजींनी दोनदा खात्री करून घेतली. "म्हंजी बाईनंच केलं सगळं? वॉचमन सादा हाय?" मी म्हटलं, "अगदी साधा." मग म्हणाले, "उद्याला शेंगा भाज जरा."

रविवारी ते पुढे उभे राहिले. हॉल मागच्या वेळेपेक्षा भरलेला, काही जण तर भिंतीला टेकून उभे. मामंजींनी हॉटेल सांगितलं, पाऊस सांगितला, पिवळे दिवे सांगितले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् शेवट सांगतो. पावन्याला गायब करनारा दुसरातिसरा कुनी न्हाई. त्यो वॉचमनच हाय. नीट नजर ठिवा त्याच्यावर."

अरे देवा, मामंजी चुकले. कालच पाहिलेला सिनेमा आणि आज विसरले. वय झालं, आणि हे आता सगळ्यांसमोर उघडं पडणार. जिंकून आणलेलं सगळं तासाभरात मातीत जाणार होतं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली, डोळे मोठे केले. ते शांतपणे येऊन माझ्या शेजारी बसले आणि खिशातून शेंगा काढल्या.

सिनेमाभर मी कासावीस. इकडे हॉल नुसता रंगात आला होता. वॉचमनने किल्ली उचलली की लोक एकमेकांना कोपरखळी मारायचे. तो जिना चढला की "बघा, बघा" सुरू. कारभारी तर शेजाऱ्याला समजावत होता की वॉचमनच्या बुटाला चिखल कसा लागलाय. काउंटरवरची बाई मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हसत होती, किल्ल्या देत होती, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्या हे हळूहळू लक्षात येत गेलं. मी मामंजींकडे पाहिलं. ते पडदा बघतच नव्हते. खुर्चीत अर्धं वळून हॉल बघत होते.

त्या बाईने वही मिटली आणि खरं काय ते बाहेर आलं, तेव्हा अख्खा हॉल एका आवाजात ओरडला. माणसं खुर्च्यांवरून उठली. टाळ्या, शिट्ट्या, हसणं. कारभारी सगळ्यांना ओलांडून आला आणि मामंजींच्या पुढ्यात उकिडवा बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आबा, फसवलंत आम्हाला."

मामंजींनी टरफलं झटकली. "शेवट ठावं आसला का मानूस गाफील ऱ्हातो," ते म्हणाले. "आन् मला सांग, तंबू भरला व्हता का न्हाई?"

"भरला होता, आबा."

"मग झालं तर," म्हणत त्यांनी उरलेल्या शेंगा त्याच्या ओंजळीत ओतल्या. त्या सोवळ्या माणसाने तिथेच, हॉलमध्ये बसून, त्या कुडुमकुडुम फोडून खाल्ल्या.